सत्काराआधी रुजुवात

वाचकाचे पत्र :

माझे वय ७२. उद्यमनगरात माझी फाउंड्री होती, ती आता मुलगा पाहतो. सौभाग्यवती ६७ वर्षांच्या आहेत आणि इतिहासाच्या प्राध्यापक म्हणून निवृत्त झाल्या आहेत. करवीर संस्थानच्या मोडी कागदांत येणाऱ्या महसुली आणि वतनी शब्दांचा कोश करण्याचे काम त्या ३६ वर्षे करीत आहेत. सुमारे ११ हजार कार्डे झाली आहेत. काही लेख छापून आले, कोश मात्र अजून पुरा व्हायचा आहे. मी त्यांना आधी स्कूटरवरून आणि नंतर मोटारीने पुरालेखागाराच्या दारापर्यंत सोडत आलो, पण आत कधी गेलो नाही. खरे सांगायचे तर त्यांनी लिहिलेले एक पानही मी वाचलेले नाही. रात्री जेवणे झाल्यावर त्या जेवणाच्या टेबलावर कार्डे मांडत आणि सकाळच्या चहाआधी आवरून ठेवत. एकदा पाहुण्यांसमोर, ‘या चिठ्ठ्यांनी कुणाचं पोट भरतंय?’ असे मी बोलून गेलो. २०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या आमच्या घरात पाणी आले, तेव्हा मी आधी कारखान्याच्या फाइली आणि मग टीव्ही माडीवर नेला. कार्डांच्या चार पेट्या खालीच राहिल्या. त्या काही बोलल्या नाहीत. तीन आठवडे दोरीवर कार्डे वाळवत होत्या. आता डोळ्याच्या पडद्याच्या तक्रारीमुळे त्यांना बारीक अक्षर लागत नाही. मुलाने आणि सूनबाईंनी त्यांचा मोठा सत्कार ठरवला आहे, हॉलची आगाऊ रक्कमही भरली आहे. हे सांगितले तेव्हा त्या मला म्हणाल्या, ‘अहो, सत्कार कशाचा करणार? मी काय केलंय ते तुम्हाला माहीत आहे का?’ मला उत्तर देता आले नाही. त्यांच्या कामाचा मान राखावा असे मनापासून वाटते, पण आता काही बोललो तर ते ढोंग वाटेल. मी काय करावे?

– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्नींचे ते वाक्य तुम्हाला टोमणा वाटले असावे, कारण तुम्ही ते पत्राच्या शेवटी, जवळजवळ ओशाळून लिहिले आहे. मी ते तीन-चार वेळा वाचले आणि मला त्यात टोमणा दिसला नाही. तो सरळ प्रश्न आहे, आणि तुमच्या पत्रावरून पाहता ३६ वर्षांत त्यांनी तो बहुधा पहिल्यांदाच तोंडावर आणला आहे. ज्याच्याकडून उत्तराची आशाच उरलेली नाही, त्याला कोणी असे विचारत नाही. तेव्हा आधी त्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला यायला हवे. सत्काराचे काय करायचे ते त्यानंतर पाहता येईल.

ढोंग वाटण्याची तुमची भीती रास्त आहे. ‘तुमचे काम फार मोठे आहे’ हे वाक्य, ज्याला ते काम ठाऊक नाही त्याच्या तोंडून आले की पोकळच वाजते, मग त्यामागची भावना कितीही खरी असो. तुमच्याच धंद्यातले पाहा. तुमचे कास्टिंग लांबून पाहून ‘छान झाले आहे’ म्हणणारा पाहुणा, आणि तेच हातात घेऊन, उलटे करून, ‘इथे धातू आकसून पोकळी पडू नये म्हणून रायझर या बाजूला घेतलात का?’ असे विचारणारा गिऱ्हाइकाचा माणूस, या दोघांपैकी कुणाचे बोलणे तुम्ही त्या रात्री घरी येऊन सांगितले असते? त्या दुसऱ्या माणसाने तुमचे कौतुक केलेच नव्हते, त्याने फक्त प्रश्न विचारला होता. पण तो प्रश्न सुचण्याइतके त्याने तुमचे काम निरखलेले होते. तुमच्या पत्नींना घरात असा एक माणूस ३६ वर्षे मिळालेला नाही.

त्यांची कार्डे मी पाहिलेली नाहीत, परंतु या जातीचे काम कसे चालते ते मला थोडे ठाऊक आहे, आणि ते तुम्हाला सविस्तर सांगण्यासाठीच मी या वेळचे सदर एकाच पत्राला दिले आहे.

वारणेचा तह १७३१ साली झाला आणि सातारा व करवीर ही दोन राज्ये एकमेकांपासून रीतसर वेगळी झाली. पुढे १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. मधल्या दोनशेहून अधिक वर्षांत या राज्यात जमिनी दिल्या-घेतल्या गेल्या, इनामे झाली, वतनांचे तंटे निवडले गेले, जकाती बसल्या आणि माफ झाल्या, आणि त्या कारभाराचे फार मोठे लेखन मोडीत झाले. हे कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले असतात. मोडी म्हणजे आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग तिच्याखाली, हात शक्यतो न उचलता, बोरूने शब्द लिहीत जायचे. दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, आणि नेहमीचे शब्द एकदोन अक्षरांत आटोपलेले असतात, म्हणजे ‘मौजे’ हा शब्द नुसत्या ‘मौ’ने आणि दोन उभ्या रेघांनी भागवलेला असतो. शिवाय प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे. एका कारकुनाचा हात सवयीचा होतो न होतो तोच पुढच्या रुमालात दुसरा कारकून बसलेला असतो.

यात तारीखसुद्धा सुखाने वाचता येत नाही. जुन्या कागदावर ‘सलास सितैन मया व अलफ’ असे काही लिहिलेले असते. हे अरबी आकडे आहेत, आणि त्यांची मांडणी एककापासून वर चढत जाणारी आहे : तीन, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन ११६३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. दोन आकडे अशासाठी की हे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा, म्हणजे ऐन पेरणीच्या तोंडाला सुरू होते, आणि म्हणूनच त्याला मृगसालही म्हणत. म्हणजे हा कागद १७६२-६३ मधला ठरला. पुढे ‘छ’ हे एकटे अक्षर आणि त्यानंतर आकडा व महिना येतो. हा ‘छ’ म्हणजे चंद्र, आणि महिना मोहरम, सफर किंवा रमजान यांपैकी कोणताही असू शकतो. एवढे सगळे उलगडले तेव्हा कुठे कागदाची तारीख कळते, आणि मजकूर अजून वाचायचाच असतो.

आता त्यातून शब्द उचलण्याची गोष्ट. तुमच्या रोजच्या तोंडातला शब्द घेऊ : कारखाना. उद्यमनगरात हा शब्द उच्चारला की भट्टी, सांचे आणि वाळू डोळ्यांसमोर येते. जुन्या मराठी कारभारात मात्र अठरा कारखाने मोजत, आणि त्यांत तोफखाना, जामदारखाना, पीलखाना अशी राज्याची खाती आणि कोठारे येत. किल्ल्यावर हवालदार आणि सबनीस यांच्या जोडीला कारखानीस असे, आणि त्याच्याकडे किल्ल्यातल्या साठ्याचा हिशेब असे. मग एखाद्या कागदात ‘कारखाना’ हा शब्द आला की तो कोणत्या अर्थाने आला, कोणत्या सालापर्यंत तो अर्थ चालला आणि आजच्या अर्थाकडे तो कधी वळू लागला, हे ठरवायला एक कागद पुरत नाही, पंचवीस-तीस लागतात. ‘मोहतर्फा’ हा शब्द तर तुमच्या धंद्याच्या पूर्वजांचाच आहे, कारण धंदेवाल्यांवर आणि कारागिरांवर जो कर बसे त्याला मोहतर्फा म्हणत. ‘चावर’ हे जमिनीचे माप. एका चावराचे १२० बिघे, एका बिघ्याचे २० पांड आणि एका पांडाच्या २० चौरस काठ्या असे कोष्टक पाठ करता येते, पण काठीची लांबी सर्वत्र सारखी नव्हती. म्हणून ‘एक चावर जमीन दिली’ हे वाक्य वाचून त्या कुटुंबाला नेमके किती शेत मिळाले, ते कोश पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

शब्द जिवंत असतात तेव्हा त्यांचे अर्थ कोणी लिहून ठेवत नाही, कारण ते सगळ्यांनाच ठाऊक असतात, आणि ज्या व्यवस्थेचे ते शब्द असतात ती मोडली की एकदोन पिढ्यांत ते मुके होतात. १९१८ साली शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातली कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले. त्या एका निर्णयाने गावगाड्यातला किती अन्याय दूर झाला हे आपण सगळे जाणतो. पण त्याबरोबर वतनाच्या हक्क-लाजिम्यांची सगळी बोलीही व्यवहारातून निघून गेली, आणि आज कुलकर्णी हे केवळ आडनाव उरले आहे. आधीचा अन्याय नेमका कसा चालत होता हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याला ती बोली वाचता आली पाहिजे. तुमच्या पत्नी ती वाचता येण्याची सोय करीत आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. आजही कितीतरी जुन्या शब्दांसाठी अभ्यासक तिथेच जातात. पण त्यात करवीरच्या दप्तरातला अमुक शब्द अमुक साली अमुक गावाच्या कागदात कसा आला हे मिळत नाही, ते काम ज्या प्रांताचे कागद आहेत तिथल्याच कोणीतरी कार्डाकार्डाने करावे लागते.

११ हजार कार्डे ३६ वर्षांवर पसरली तर दिवसाला एकसुद्धा पडत नाही. धंद्याच्या हिशेबाने पाहणाऱ्या माणसाला हे थोडे वाटेल, आणि कदाचित तुम्हालाही तसेच वाटत आले असेल. पण दिवसभर तासिका घेऊन, परीक्षेचे गठ्ठे तपासून, घरचे सगळे उरकून, रात्री रिकाम्या झालेल्या टेबलावर बसणाऱ्या बाईने सरासरी दिवसाला जवळजवळ एक शब्द पक्का केला, आणि तो पुढे कुणालाही विश्वासाने वापरता येईल असा केला, हे मला फार मोठे वाटते. एखादे अक्षर ‘व’ की ‘च’ यावर आठवडा जाऊ शकतो. ज्या कार्डाबद्दल खात्री नाही त्यावर तशी खूण करून ते बाजूला ठेवणे ही या कामातली सचोटी आहे, आणि ती बाहेरून कुणालाच दिसत नाही.

यात माझे स्वतःचे दुःख मिसळलेले आहे, ते लपवत नाही. माझे यजमान संस्कृतचे होते. त्यांच्या हयातीत मी त्यांच्या लेखनातली अर्पणपत्रिका आणि प्रस्तावना यांपलीकडे काही वाचले नाही, कारण ते आपल्याला समजायचे नाही असे मी ठरवून टाकले होते. ते गेल्यानंतर दोन वर्षांनी मी ते वाचायला घेतले. बरेचसे समजले. एका पानाच्या समासात त्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले होते, आणि ते कशाबद्दल होते हे विचारायला तेव्हा घरात कोणी नव्हते. तुमच्या घरात अजून विचारता येते.

तर आता करायचे काय? सर्वांत आधी पुराबद्दल बोला. कौतुकाच्याही आधी बोला, कारण त्या चार पेट्या तुम्हा दोघांच्या मध्ये अजून तशाच पडलेल्या आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ५५ फूट ओलांडून गेली होती, आणि ४३ फुटांनाच धोक्याची पातळी मानतात. त्या रात्री कोणाचेच डोके ठिकाणावर नव्हते, हे सगळे कोल्हापूर जाणते. तरीही ‘घाईत राहून गेले’ असे म्हणू नका. माणूस घाईत जे आधी उचलतो त्यावरून त्याला काय महत्त्वाचे वाटते हे दिसते, आणि ते त्यांनी त्या रात्री डोळ्यांनी पाहिले आहे. जे घडले ते तसेच्या तसे सांगा : मी आधी फाइली नेल्या, मग टीव्ही नेला, तुमच्या पेट्या मला आठवल्या नाहीत, कारण त्या पेट्यांत काय आहे हे मी कधी पाहिलेच नव्हते, आणि याची मला लाज वाटते. पाहुण्यांसमोर बोललेल्या वाक्याचेही तसेच करा, ते वाक्य शब्दशः उच्चारून मागे घ्या. त्यांनी लगेच ‘जाऊ द्या आता’ म्हटले तर त्याला क्षमा समजू नका आणि रागही समजू नका. त्या दिवशी एवढ्यावरच थांबा.

त्यानंतर त्यांना विचारा की तुमचा कोणता लेख मी आधी वाचावा. लेख गुपचूप मिळवून, वाचून, एके दिवशी त्यांना चकित करावे असा मोह तुम्हाला होईल. तो टाळा. चकित करण्यातला आनंद मुख्यतः करणाऱ्याचा असतो. त्यांच्या कामाच्या घरात शिरायचे तर दारावर थाप मारून शिरावे, आणि कोणत्या खोलीत आधी न्यायचे हे त्यांना ठरवू द्यावे. लेख मिळाला की पेन्सिल घेऊन दोनदा वाचा. नाही समजले तिथे खूण करा आणि त्या खुणांपैकी एकच प्रश्न विचारा. सल्ला देऊ नका, आणि ‘हे सोप्या भाषेत लिहिले असते तर’ असे तर चुकूनही म्हणू नका. कोणता प्रश्न विचारावा हेच सुचत नसेल तर ‘कारखाना’ या शब्दाचे कार्ड मागा. ते त्यांच्याकडे असेल असा माझा अंदाज आहे, आणि ते समजून घेण्याचा तुमच्याइतका हक्क शाहूपुरीत दुसऱ्या कुणाचा नसेल.

टेबलाची गोष्ट तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, पण मला तीच सर्वांत अधिक लागली. ३६ वर्षे रोज मांडलेले काम रोज आवरावे लागले. कोशाच्या कामात चाळीस कार्डे एका वेळी डोळ्यांसमोर पसरलेली असावी लागतात, कारण एका शब्दाचे निरनिराळे उपयोग शेजारी शेजारी ठेवल्यावाचून अर्थाची वळणे दिसत नाहीत, आणि ती मांडणी मोडली की दुसऱ्या दिवशी तिथवर पोचायलाच अर्धा तास जातो. त्यांना माडीवर, पुराच्या रेषेच्या वर, एक मोठे टेबल द्या, जे कोणत्याही पाहुण्यासाठी, कोणत्याही सणाला आवरावे लागणार नाही. लांबी-रुंदी त्यांना विचारून घ्या. तुमच्या ओळखीत पॅटर्न बनवणारे सुतार असतील, त्यांच्याइतके चोख लाकूडकाम दुसरे कोण करणार? त्याबरोबर सकाळचे तीन तास राखायचे काम तुम्ही अंगावर घ्या. त्या वेळात दाराची बेल, फोन, गॅसचा सिलिंडर, दुधाचा हिशेब आणि ‘वहिनी आहेत का घरात’ म्हणून डोकावणारे शेजारी हे सगळे तुमच्याकडे. अभ्यासू माणसाला घरच्यांकडून सर्वांत जास्त लागते ते न मोडलेला वेळ, आणि बाईमाणसाच्या वाट्याला तोच सर्वांत कमी येतो.

वाचस्पती मिश्रांची कथा तुम्ही ऐकली असेल. ते टीका लिहीत राहिले, पत्नी वर्षानुवर्षे दिव्यात तेल घालत राहिली, आणि शेवटी त्यांनी आपल्या ग्रंथाला तिचे नाव दिले, ‘भामती’. पतिपत्नी आणि विद्या यांचा विषय निघाला की ही कथा हमखास सांगतात. मला ती अपुरी वाटते, कारण तो दिवा कशासाठी जळतो आहे हे भामतीला कुणी समजावून सांगितल्याचे कथेत कुठेच येत नाही. तुम्ही तेल घालाल तेव्हा शेजारी बसून घाला. शीलवती केतकरांचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांशी लग्न करून ही जर्मन भाषेत वाढलेली बाई महाराष्ट्रात आली, आणि संसाराच्या ओढाताणीत तिने स्वतः विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचे जर्मनमधून इंग्रजी भाषांतर केले, ज्याचा पहिला खंड १९२७ साली कलकत्ता विद्यापीठाने काढला. ज्ञानकोशाच्या २३ खंडांपुढे तिचे हे काम फार थोड्यांना आठवते, आणि याचे मला वाईट वाटते. तुमच्या घरात जोडीची विद्वत्ता नाही. पण कामाची जोडी होऊ शकते, आणि ती कशी हे आता सांगते.

या विद्येत एक जुना शब्द आहे, रुजुवात. मूळ कागद आणि त्यावरून केलेली नक्कल शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहायचे, याला रुजुवात घालणे म्हणतात. हे काम एकट्याने केले तर डोळा नेहमीच्या शब्दावरून घसरतो. एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने पाहायचे, हीच त्याची खरी रीत आहे. तुमच्या पत्नींची नजर अधू होते आहे, म्हणजे आज त्यांना ज्याची सर्वांत अधिक गरज आहे तो माणूस म्हणजे वाचून दाखवणारा. कार्डे बाळबोधीत, म्हणजे नेहमीच्या देवनागरीत असतील, तर ती तुम्ही आजसुद्धा वाचू शकाल. मोठ्या पडद्यावर मूळ कागदाचे छायाचित्र वाढवून त्या पाहतील आणि तुम्ही कार्ड मोठ्याने वाचाल. तुमची नजर आयुष्यभर मायक्रोमीटरवर गेलेली आहे. रुमालाचा क्रमांक चुकला, साल आणि महिना जुळत नाही, बिघ्यांची बेरीज बसत नाही, हे तुम्हाला चटकन दिसेल. मोडी शिकायची इच्छा झाली तर त्यांना विचारा की त्या शिकवतील का. शिकवायला त्यांना वेळ नसेल तर वर्गाला जा, आता असे प्राथमिक वर्ग घरबसल्याही करता येतात. वयाची सबब तुम्ही सांगू नये असे मला वाटते. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली निघाला आणि अखेरचा १९६२ साली, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. त्या हिशेबाने तुमच्या पत्नींच्या हातात १५ वर्षे आहेत आणि तुमच्या हातात दहा.

एक गोष्ट आवर्जून बजावते. आता उत्साहाच्या भरात कारखान्यातली दोन पोरे बोलावून ‘सगळी कार्डे संगणकावर चढवा’ असे सांगू नका. कार्डांचा क्रम हासुद्धा त्यांच्या विचाराचा भाग आहे. पेटीत एक कार्ड दुसऱ्याच्या मागे का आहे हे त्यांनाच ठाऊक असते. छायाचित्रे जरूर काढा, दोन्ही बाजूंची, कारण मागच्या बाजूला नंतर सुचलेल्या शंका लिहिलेल्या असतात. ती पेटी समोर ठेवून, क्रम न मोडता आणि त्या जवळ असताना काढा, आणि त्यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. फाटलेल्या कार्डाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांनी कागद पिवळा करतो आणि लॅमिनेट केलेला कागद पुन्हा मोकळा होत नाही. प्रकाशकांशी परस्पर बोलू नका, छपाईचा खर्च देतो असेही बाहेर कुठे म्हणू नका. कोश केव्हा छापण्याजोगा झाला हे त्याच ठरवतील. या पेट्या पुढे कोणत्या ग्रंथालयाला किंवा विद्यापीठाला जाव्यात, हेही त्यांनी आजच स्वतःच्या हाताने लिहून ठेवावे. हा विषय मात्र तुम्ही काढू नका, त्यांच्याकडून निघाला तर शांतपणे ऐका.

हॉलचे मुलाला आणि सूनबाईंना तुम्हीच सांगा. त्यांचा हेतू चांगला आहे आणि त्यांना दुखवण्याचे कारण नाही, परंतु शाल-श्रीफळ देऊन ज्यांचे भाषण व्हायचे त्यांच्यापैकी एकानेही कोशाचे एक कार्ड पाहिलेले नसेल, तर त्या संध्याकाळी तुमच्या पत्नी व्यासपीठावर एकट्याच बसलेल्या असतील. आगाऊ रक्कम बुडाली तर बुडू द्या. पुढे केव्हा त्यांना स्वतःहून वाटले की आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना बोलावून दहा शब्द वाचून दाखवावेत, तर माडीवरच्या त्या टेबलाभोवती १५ माणसे सहज बसतील.

रुजुवातीची सुरुवात भिजलेल्या कार्डांपासून करा. ज्यांवरची शाई पसरली आहे ती कार्डे त्यांनी फेकलेली नसणार, याची मला खात्री वाटते. त्या कार्डांचे मूळ कागद पुरालेखागारातल्या रुमालांत आहेत, आणि पुसटलेल्या कार्डावर रुमालाचा क्रमांक तरी वाचता येत असेल. एका सकाळी अशी पाच कार्डे, भिंग, वही आणि पेन्सिल पिशवीत घाला. मूळ कागदांच्या टेबलावर शाईचे पेन नेऊ नये, म्हणून पेन्सिलच. नेहमीप्रमाणे मोटार काढा, त्यांना दारापर्यंत न्या, मोटार लावा, आणि या वेळी पिशवी तुमच्या हातात घेऊन त्यांच्या मागोमाग आत जा.